नकाशात टाकी, जागेवर घर

माझ्या हातून झालेलं सगळ्यात देखणं बांधकाम सरकारी कागदावर पाण्याची टाकी म्हणून मंजूर झालं होतं. ते घर होतं, त्यात माणसं राहायची होती, आणि पाण्याचा एक थेंबही साठवायचा नव्हता. ही टाकी कागदावर कशी आली, ते लिहायचं म्हणजे स्वतःच्या अकलेचा पंचनामा करणं आहे. पण आता साठी उलटली, परवान्याचं नूतनीकरण मी केलेलं नाही, आणि ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या सगळ्यांना हे कधीच कळून चुकलं आहे. तेव्हा लिहितो.

अमरावतीत मी तीस-बत्तीस वर्षं घरांचे नकाशे काढले आणि मंजूर करून आणले. लोक मला इंजिनिअर साहेब म्हणतात. डिप्लोमा आहे, परवाना होता, म्हणून म्हणू देत. या धंद्याचं काम बाहेरच्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर असं: तुम्हाला प्लॉटच्या टोकापासून टोकापर्यंत घर हवं असतं, नियम म्हणतो चारी बाजूंनी जागा सोड, आणि आम्ही दोघांच्या मधे पेन्सिल घेऊन बसतो. सोडायच्या त्या जागेला सामासिक अंतर म्हणतात. आग लागली तर बंब यावा, शेजाऱ्याला वारा मिळावा, यासाठी ते असतं. ते वाचवणं हे आमचं काम, आणि त्यात जिना, संडास, मोटारसायकल घुसवणं ही घरमालकाची हौस.

माझ्या कपाटात पाच नकाशे तयार असत. तीस बाय चाळीसचा, पंचवीस बाय पन्नासचा, कोपऱ्यावरचा, असे. गिऱ्हाईक आलं की त्याच्या प्लॉटच्या मापाचा काढायचा, नाव बदलायचं, खिडकी इकडची तिकडे करायची, आणि आठ दिवस लावून द्यायचा. आठ दिवस लावणं महत्त्वाचं. त्याच दिवशी दिला तर माणसाला वाटतं याने विचारच केला नाही.

विचार न केल्याची फळं मी भोगली नाहीत असं नाही. तिवशाच्या एका किराणा दुकानदाराचा नकाशा काढताना उत्तर दिशेचा बाण मी उलटा छापला. कपाटातल्या नकाशावरून उचलला होता, फिरवायचा राहिला. त्याने तो कागद वास्तुशास्त्राच्या जाणकाराला दाखवला. जाणकार म्हणाले, स्वयंपाकघर, देवघर, सगळं जिथल्या तिथे आहे, असा नकाशा दहा वर्षांत पाहिला नाही. घर बांधून झालं. वास्तुशांतीच्या दिवशी मावळतीचं ऊन देवघरात आलं तेव्हा तो उलटा बाण माझ्या ध्यानात आला. मी जेवलो आणि परत आलो. पुढे त्या माणसाचं दुकान दुप्पट झालं, पोराला नोकरी लागली, आणि श्रेय वास्तूला गेलं. त्यांच्याकडून अजून दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी येते. आंबे मी खातो, पण पहिला आंबा घशाखाली उतरायला जरा वेळ लागतो.

तर अशा माणसाकडे सुमनबाई आल्या.

सुमनबाई अकोल्याच्या. शहराच्या कडेला त्यांचा फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे फुलं तोडायची, बाजारात नेऊन विकायची, आणि उरलेली मंदिरात आणि दर्ग्यात पोचवायची. मळ्याला लागून त्यांनी घरासाठी प्लॉट घेऊन ठेवला होता, रीतसर शेतीतून काढून अकृषक केलेला. राहत होत्या मात्र मळ्यातल्या टिनाच्या घरात. अकोल्यात मे महिन्यात टिनाखाली राहणं म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळतं. आदल्या उन्हाळ्यात त्यांचे यजमान देविदासभाऊ दुपारी त्याच घरात ऊन लागून बेशुद्ध पडले. दवाखान्यात सहा दिवस. डॉक्टरांनी सुमनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, या खेपेला वाचले, असं पुन्हा झालं तर सांगता येणार नाही.

माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाने त्यांना माझं नाव सांगितलं होतं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मले गोल घर पायजे. थंडं. पुढचा मे लागायच्या आत."

"गोल म्हणजे कसं?"

"मंदिराचा गाभारा पाह्यला तुमी? दर्ग्याची घुमटी पाह्यली? मी दोन्हीकडं फुलं देते. भर उन्हात आत गेलं का कसं गार लागते. ना कूलर, ना पंखा. तं मंग मले सांगा, देवायले गोल घर अन् माणसायले टिनाचं, हे कोणं ठरवलं?"

मी म्हटलं, "स्लॅबचं छान घर बांधू. वर एसी लावा."

"लाईन जाते तवा तुमचा एसी काय करते?"

दुपारी लाईट जाते आणि नेमकी तेव्हाच जाते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे. शिवाय मला एक कबूल करायला हवं. सपाट स्लॅब म्हणजे तवा. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत तापतो आणि रात्रभर खाली झोपलेल्या माणसाला शेकतो. मी हयातभर वऱ्हाडातल्या लोकांच्या डोक्यावर तवे ठेवले आणि वर म्हटलं, छान झालं घर. घुमट तसा तापत नाही. तो गोल असल्यामुळे ऊन एका वेळी त्याच्या एकाच अंगावर पडतं, दुसरं अंग सावलीत असतं. आतली गरम हवा वर चढते आणि शेंड्याला ठेवलेल्या झरोक्यातून निघून जाते. भिंत मातीच्या विटांची आणि हातभर जाड असली की दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. हे सगळं मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

मी हो म्हणालो. माझ्या कपाटात गोल नकाशा नव्हता, हे मी सुमनबाईंना सांगितलं नाही.

घुमट बांधणारा माणूस मात्र मिळाला. गफ्फारमिस्त्री. माझ्याकडे वीस वर्षं काम केलेला, आमच्यातला शहाणा तोच. त्याच्या आजोबांनी घुमट बांधले होते आणि लहानपणी त्याने ते पाहिले होते. मी विचारलं तर विडी विझवून म्हणाला, "साहब, हो जायेगा. फक्त तुमी मधात मधात बोलू नका."

आता नकाशा. आजकाल तो हाताने नेऊन द्यायचा नसतो. कॉम्प्युटरवर काढून ऑनलाइन टाकायचा, तिथलं सॉफ्टवेअर तो तपासतं, नियमात बसला तर पुढे सरकवतं. ते भिंती शोधतं, छत शोधतं, खोलीची उंची मोजतं. मी वीस फूट व्यासाचा एक सुंदर घुमट काढला आणि टाकला. उत्तर आलं: भिंत आढळली नाही. बरोबरच होतं. घुमटात भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं, हे मलाही सांगता आलं नसतं. खालचा भाग भिंत म्हणून दाखवला. उत्तर आलं: छत आढळले नाही. वरचा भाग छत म्हणून दाखवला. उत्तर आलं: खोलीची उंची अपुरी. सॉफ्टवेअर कडेची उंची मोजत होतं, आणि कडेला घुमट जमिनीला टेकतो. मधे दहा फूट उंची असलेल्या घरात कोंबडीही उभी राहू शकत नाही, असं त्याचं मत पडलं.

असं अकरा वेळा झालं. सुमनबाईंचा दर दोन दिवसांनी फोन. "साहेब, झालं का? दसरा येऊन राहिला." मी म्हणायचो, होऊन राहिलं. देविदासभाऊ एकदा स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, "साहेब, हे बाई मले जितेपणीच घुमटीत टाकून राहिली. तुमी तरी समजवा." मागून सुमनबाईंचा आवाज आला, "टिनात शिजण्यापरिस बरं हाये. ठेवा फोन."

बाराव्या वेळेला मी चिडलो. यादीत खाली खाली जात बांधकामाचे प्रकार वाचू लागलो. निवासी, वाणिज्य, गोदाम, आणि मग जलकुंभ. आकार: वर्तुळाकार. छत: घुमटाकार चालेल. मी गंमत म्हणून ते निवडलं, तोच नकाशा टाकला आणि चहा प्यायला उठलो. परत आलो तर मंजूर.

त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तो आठवून आज अंगावर काटा येतो. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "पण ते घर आहे ना?" मी म्हटलं, "तुला कळणार नाही." नंतर बदल दाखवून सुधारित नकाशा टाकू, बांधून तर होऊ दे, असं मनाशी ठरवलं. या धंद्यात बांधून तर होऊ दे हे वाक्य ज्याने म्हटलं, त्याने पुढे कुठे ना कुठे हात जोडले आहेत. मला हे माहीत होतं. मी इतरांना सांगतही असे.

सुमनबाईंना मंजुरीचा कागद दिला. त्या सातवी शिकलेल्या, बाजारात हिशेब तोंडी करणाऱ्या. त्यांनी बोट ठेवून ओळ अन् ओळ वाचली आणि बोट थांबलं.

"हे टाकी काऊन लिवली?"

"ते टेक्निकल असतं," मी म्हणालो.

त्यांनी कागदाची घडी घालून पदराला बांधली.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरचं घर घेऊन हलते, म्हणून पाया खाली मुरूम लागेपर्यंत खोदावा लागतो. तो खोदला. काळ्या मातीच्या विटा होत नाहीत, तेव्हा दुसरीकडून माती आणून, थोडं सिमेंट घालून, यंत्रात दाबून विटा पाडल्या. मग गफ्फारने जागेच्या मधोमध खुंटी ठोकली. घुमट बांधायची युक्ती एवढीच: खुंटीपासून एका मापाची दोरी घ्यायची, आणि प्रत्येक वीट त्या दोरीच्या टोकाला टेकेल अशी बसवायची. दोरी तीच, माप तेच, की भिंत आपोआप गोल होत आत वळत जाते. खालून लाकडांचा आधारही द्यावा लागत नाही.

दोरी मी आणली. चांगली निळी, नायलॉनची. गफ्फार दुसऱ्या साईटवर होता, त्याच्या हाताखालचे दोन मिस्त्री चार दिवस त्या दोरीने विटा लावत गेले. पाचव्या दिवशी गफ्फार आला, लांबून बघितलं आणि म्हणाला, "साहब, इसको कितना महिना हुआ?"

एका बाजूने घुमटाला पोट सुटलं होतं. नायलॉन ताणतं. एक मिस्त्री ओढून माप घेई, दुसरा सैल धरून. गफ्फारने सहा थर उतरवले, सायकलची जुनी चेन आणली, तिला तार जोडली आणि पुन्हा लावायला घेतलं. त्या दिवसापासून मला साईटवर खुर्ची मिळाली, आणि खुर्चीवरून उठायची मनाई.

फेब्रुवारी संपेपर्यंत घुमट उभा राहिला. वर झरोका, त्यावर पाऊस येऊ नये म्हणून छोटी टोपी, बाहेरून पांढरा चुना. मळ्यातल्या पिवळ्या झेंडूच्या मधे तो असा दिसे की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून फोटो काढत. मीही एकदा लांब उभा राहून नुसता बघत होतो. असं मी माझ्या कुठल्याच घराकडे पाहिलं नव्हतं.

मग विजेच्या मीटरचा अर्ज केला. तिथला माणूस मंजुरीचा कागद बघून म्हणाला, "टाकीला घरगुती कनेक्शन देता येत नाही. पंपाचं देतो." सुधारित नकाशा टाकायला गेलो, तर सॉफ्टवेअर म्हणालं, जलकुंभाचे निवासी बांधकामात रूपांतर करण्याची सोय नाही. आणि त्याच आठवड्यात मंजूर नकाशाप्रमाणे काम झालं आहे का, हे बघायला बांधकाम विभागातून तपासणी येणार असल्याचं पत्र आलं. टाकीच्या मंजुरीवर घर बांधलं म्हणजे अनधिकृत बांधकाम. अनधिकृत म्हणजे नोटीस, आणि नोटिशीनंतर काय येतं ते आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मार्च अर्धा झाला होता. पारा चाळीसला टेकला होता, आणि देविदासभाऊ अजून टिनाखाली होते, डोक्याला ओलं उपरणं गुंडाळून.

शहाण्या माणसाने तेव्हा तरी कार्यालयात जाऊन खरं सांगितलं असतं. मी बाजारात जाऊन एक जुना पंप भाड्याने आणला. तो घुमटाच्या बरोब्बर मधे ठेवला, चार पाइप इकडेतिकडे टेकवले, आणि भिंतीतले कोनाडे पोत्यांनी झाकले. सुमनबाईंना म्हटलं, तपासणीसाठी सामान ठेवलं आहे. त्यांनी पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फुलांच्या टोपल्या भरायला निघून गेल्या.

तपासणीला आल्या त्या कनिष्ठ अभियंता मॅडम. वय तिशीच्या आत, पश्चिम महाराष्ट्रातल्या, वऱ्हाडातला पहिलाच उन्हाळा. स्कार्फ, गॉगल, हातात फाइल. दुपारचे दोन. चेहरा उन्हाने लालबुंद झालेला. त्या दारातून आत आल्या, थांबल्या, गॉगल काढला, आणि स्कार्फ सोडला. त्यांच्या घामावरून आतली हवा फिरत होती, ते मला दिसत होतं.

"ही टाकी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो मॅडम. जलकुंभ."

"दार आहे टाकीला."

"साफसफाईसाठी."

त्या भिंतीच्या कडेकडेने, हात फिरवत, पार पलीकडच्या टोकाला गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून गिलावा बघू लागल्या. मी आणि गफ्फार अलीकडच्या भिंतीला टेकून उभे. मधे वीस फूट आणि एक पंप. मी भिंतीकडे तोंड करून गफ्फारला अगदी हळू, ओठांतल्या ओठांत म्हणालो, "नवीन आहे पोरगी. टाकी म्हटलं तर टाकी समजेल. खरं तर चूक माझीच आहे. घर बसेना म्हणून मीच टाकी लिहिली. पण आज एवढं निभावलं की झालं."

आणि माझ्या कानाशी, जणू खांद्यावर हनुवटी ठेवून कोणी बोलावं तसा, बाईचा आवाज आला, "पोरगीला सगळं ऐकू येतंय, साहेब."

मी वळून पाहिलं. गफ्फारने आधी झरोक्याकडे पाहिलं, मग छातीवर हात ठेवला. मॅडम पलीकडच्या भिंतीला तोंड करून तशाच उभ्या होत्या. गोल भिंतीवर आवाज कडेकडेने सरकत जातो आणि समोरच्या टोकाला जसाच्या तसा उतरतो, हेही मी कॉलेजात शिकलो होतो. आदल्या आठवड्यापर्यंत आत गिलाव्यासाठी परांची होती आणि भिंत खडबडीत होती, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. गफ्फारने गिलावा आरशासारखा गुळगुळीत केला होता. त्याच्या कारागिरीने मला पकडून दिलं.

दारात सुमनबाई उभ्या होत्या. मॅडमनी त्यांना आत बोलावलं आणि मला म्हणाल्या, "आता मोठ्याने सांगा. यांच्यासमोर."

सांगितलं. अकरा वेळा नापास झाल्यापासून भाड्याच्या पंपापर्यंत. सुमनबाई ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, कागद काढला, आणि टाकी लिहिलं होतं तिथे बोट ठेवलं.

"मी तुमाले इचारलं होतं साहेब."

"हो."

"तुमी म्हणले टेक्निकल हाये." बोट न उचलता म्हणाल्या, "माहा माणूस मरून राहिला होता म्हून मी तुमच्याकडं आली. तुमी मले खोटा कागद देला. अन् मी तो पदरात बांधून फिरून राहिली, पाच मयने."

मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या आहेत. ठेकेदारांच्या, घरमालकांच्या, एकदा तर जिना फार उभा झाला म्हणून एका सासूबाईंच्या. त्यांतली एकही मला आठवत नाही. हे बोलणं शब्दन् शब्द आठवतं.

मॅडमनी मला एकच प्रश्न विचारला. "अकरा वेळा नापास झालं, तर एकदा तरी कार्यालयात येऊन विचारलंत का, काय करू म्हणून?"

नव्हतं विचारलं. बत्तीस वर्षांत मी कधीच कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे समोरच्याला कळतं.

"सॉफ्टवेअर म्हणजे नियम नाही," त्या म्हणाल्या. "त्यात न बसणारा नकाशा कागदावर दाखल करता येतो. आणि उतरत्या छपराच्या खोलीला सरासरी उंची चालते, हे नियमात आहे. हे उतरतं छप्परच आहे, फक्त चारी बाजूंनी. जिथे डोकं टेकतं तेवढी कड खोलीच्या क्षेत्रफळात धरायची नाही. भार चाचणी करून घ्या, ताकदीचा दाखला जोडा. पण तुमच्या सहीने नाही."

"म्हणजे?"

"खोटी नोंद केलीत, ती मला लिहावी लागेल."

सुमनबाईंना यातलं एकच हवं होतं. "किती दिस लागतीन?"

"दोन महिने धरा."

दोन महिने म्हणजे सगळा एप्रिल आणि जवळजवळ सगळा मे. सुमनबाईंनी पंपाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाल्या, "बाई, एक सांगा. आता हे कागदावर टाकी हाये. बरोबर? तं मंग टाकीले राखणदार लागते का नाई?"

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. त्यांनी फाइल बंद केली. "दिवसा राखण करायला हरकत नाही. रात्री वस्ती करायची नाही."

"दिसाचंच ऊन ऱ्हायते," सुमनबाई म्हणाल्या.

अशा रीतीने देविदासभाऊ स्वतःच्या घराचे राखणदार झाले. घुमटीत जायला कुरकुरणाऱ्या या माणसाने राखणदारी मात्र मनावर घेतली. सकाळी दहाला डबा घेऊन हजर, सहाला कुलूप. दारात येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारायचे. एकदा मलाही विचारलं.

भार चाचणीला एका कॉलेजचे प्राध्यापक आले. घुमटावर चारी बाजूंनी सारखी रेतीची पोती चढवली आणि एक दिवस तशीच ठेवली. तडा नाही, काही नाही. पोती उतरवायच्या आधी गफ्फार वर चढून बसला आणि चहा मागवला. प्राध्यापक म्हणाले, याची गरज नाही. गफ्फार म्हणाला, "आपका हिसाब हो गया साहब, ये मेरा है."

माझा परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. नव्या नकाशावर दुसऱ्या इंजिनिअरने सही केली. उंची, कड, झरोका, सगळं मीच काढलं होतं, या वेळी विचार करून, कपाटाकडे न बघता. पण खाली नाव त्याचं. लोक आता लांबून ते घर बघायला येतात आणि त्याला फोन करतात. तो भला माणूस आहे. निदान सुरुवातीला तरी माझं नाव सांगत होता.

सहा महिने सरल्यावर परवान्याचा अर्ज मी भरलाच नाही. ते पाचही नकाशे एका जाणाऱ्या-येणाऱ्या रद्दीवाल्याला दिले. बायको म्हणाली, "आता काय करणार?" मी म्हटलं, "कोणी विचारायला आलं तर सांगत जाईन." लोक येतात. मला येत नसेल तर, येत नाही, असं सांगतो. फार सोपं आहे ते. जीभ पहिल्यांदा जरा अडते, एवढंच.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घरात राहायची परवानगी, त्याच उन्हाळ्यात, नवतपा सुरू असताना आलं. रोहिणीचे ते नऊ दिवस आमच्याकडे कोणी कामाशिवाय बाहेर पडत नाही. मॅडमनी फोन करून विचारलं, पोस्टाने पाठवू का? मी म्हटलं, मी घेऊन जातो. माझी सही त्यावर नव्हती, निदान पाय तरी माझे असावेत. बडनेऱ्याहून गाडी धरली, अकोल्याला कार्यालयातून कागद घेतला, आणि मळ्यावर पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. ऑटोवाला फाट्यावरच सोडून गेला. डांबर चपलेला चिकटत होतं. मळ्यात चिटपाखरू नाही. सुमनबाई बाजारात गेलेल्या.

दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. "देविदासभाऊ" म्हणून हाक मारली. आत काही हललं नाही. राखणदार बाहेर असता तर बाहेरून कुलूप असतं. कडी आतून होती. माझ्या मनात जे आलं ते लिहवत नाही. दोन्ही हातांनी दार बडवायला लागलो.

कडी निघाली. देविदासभाऊ अंगावर चादर गुंडाळून उभे. डोळे अर्धवट मिटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या.

"काऊन वो साहेब," ते म्हणाले, "आग लागली काय?"

मी कागद पुढे केला. "परवानगी आली. आता रात्रीसुद्धा झोपता येईल इथे."

त्यांनी कागद घेतला, उलटासुलटा पाहिला आणि जांभई दिली. "रातचं तं आमी मयनाभरापासून अथीच झोपून राहिलो."

"मॅडमनी नको म्हटलं होतं."

"त्यायनं म्हटलं होतं. पण टिनात झोप येते का सांगा तुमी." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "त्यायले सांगू नका."

मी एकदा रस्त्याकडे पाहिलं. मग म्हटलं, "नाही सांगत."

"मंग संध्याकायी या, चहा प्याले. ते बाई बी येईन तवापरेंत बाजारातून." त्यांनी चादर सावरली आणि दाराला हात घातला. "आता सरका जराशे साहेब, आत गरम हवा येऊन राहिली."

दार लागलं, कडी बसली, आणि मी बाहेर उन्हात उभा राहिलो.